आत्मा, माया आणि करुणा : बौद्ध आणि वेदान्त ग्रंथ शेजारी ठेवून वाचताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षी लिहिलेल्या माझ्या पहिल्या निबंधाचे शेवटचे वाक्य मला आजही शब्दशः आठवते : ‘बुद्धाने ज्याला शून्य म्हटले, त्यालाच उपनिषदांनी पूर्ण म्हटले.’ आमच्या बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहून वही परत केली होती : ‘कोणत्या ग्रंथात, कोणाला उद्देशून, कशाच्या उत्तरादाखल?’ मला त्यातील एकाही भागाचे उत्तर देता आले नाही. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांनी तो प्रश्न आपल्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

‘आत्मा’ हाच शब्द घ्या. वाराणसीजवळच्या इसिपतनात पाच भिक्खूंना केलेल्या अनत्तलक्खणसुत्ताच्या (‘अनात्म’ कशाला म्हणावे हे सांगणाऱ्या पाली सूत्राच्या) उपदेशात बुद्धांचा युक्तिवाद अगदी साधा आहे. रूप, म्हणजे शरीर, जर माझा आत्मा असते, तर ते दुखण्याला कारण झाले नसते आणि ‘माझे रूप असे असो, तसे नसो’ असे मला म्हणता आले असते. पण तसे घडत नाही. वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (वस्तूची ओळख), संस्कार (मनाच्या घडणी) आणि विज्ञान (जाणीव) यांनाही तेच लागू पडते. म्हणजे जे आपल्या ताब्यात नाही त्याला ‘मी’ म्हणू नये, असा हा मुद्दा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी आपली पत्नी मैत्रेयी हिला जे सांगतो त्याचा रोख निराळा आहे : ज्याच्यामुळे हे सारे जाणले जाते, त्या जाणणाऱ्याला कशाने जाणणार? एकाने ‘मी’ म्हणून धरलेल्या वस्तू तपासून एकेक सोडून दिल्या. दुसऱ्याने कधीच वस्तू होऊ न शकणाऱ्या साक्षीकडे बोट दाखवले. उपनिषदांचे ‘नेति नेति’ (हे नव्हे, हे नव्हे) आणि बुद्धांचे ‘नेतं मम’ (हे माझे नव्हे) कानाला सारखे वाटतात, म्हणून नवखा वाचक चटकन म्हणतो की बुद्धांनी फक्त अनात्म काय ते सांगितले आणि आत्मा न बोलता शिल्लक ठेवला. धम्मपदातील ‘सब्बे धम्मा अनत्ता’ (सर्व गोष्टी अनात्म आहेत) हे वचन मात्र तशी मोकळीक देत नाही.

मायेच्या बाबतीत माझी चूक अधिक खोल होती. ऋग्वेदात इंद्र आपल्या मायांनी अनेक रूपे घेतो. तिथे माया म्हणजे सामर्थ्य. शून्यता सांगणारा बौद्ध आचार्य नागार्जुन उत्पत्ती, स्थिती आणि लय यांना माया, स्वप्न आणि गंधर्वनगर (आकाशात भासणारे नगर) यांची उपमा देतो. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याचे उदाहरण देऊन अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप, समजावतात. एका तासाला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की अंधारात दोरीवर भासलेला साप गेला की दोन्ही दर्शने एकाच ठिकाणी पोहोचतात. बाई म्हणाल्या, “साप गेला, ठीक. आता त्या दोरीचं काय करतेस?” वेदान्तात दोरी उरते; अधिष्ठानाशिवाय, म्हणजे ज्यावर भास होतो त्या आधाराशिवाय, भ्रम संभवत नाही. नागार्जुनाकडे तशी दोरी नाही, आणि शून्यता हीसुद्धा कशाच्या तरी आधाराने केलेली प्रज्ञप्तीच (व्यवहारापुरते दिलेले नावच) आहे, असे तो स्वतः सांगतो. त्या एका प्रश्नाने माझे सहा महिन्यांचे वाचन मला पुन्हा करावे लागले. दोन्ही परंपरांमध्ये देवाणघेवाण झालीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. अद्वैत वेदान्ती गौडपाद यांच्या कारिकांमधील (श्लोकबद्ध ग्रंथातील) अलातशान्ती हे प्रकरण बौद्ध परिभाषेने भरलेले आहे आणि तरीही त्याच्या शेवटी ‘हे बुद्धाने सांगितलेले नाही’ असे स्पष्ट म्हटले आहे. मराठी वाचकाने तर हेही ध्यानात घ्यावे की अमृतानुभवात ज्ञानदेव खुद्द अज्ञानाचेच खंडन करतात. तेव्हा आपल्या घरचा वेदान्त म्हणजे सरसकट मायावाद (जग हा अज्ञानातून झालेला भास, असे मत) नव्हे.

भाषेची भीती बाळगू नका. पाली मराठी माणसाला लवकर आपलीशी होते : हत्थ, कम्म, अग्गि हे शब्द वाचताना हात, काम, आग ऐकू येतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापलेल्या तिपिटकामुळे (बौद्धांच्या पाली ग्रंथसंग्रहामुळे) लिपीचीही अडचण राहिलेली नाही. आधी संस्कृत येत असेल तर उत्तमच. नसेल तर पालीपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

आता करुणा. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार असेन तर इथूनच करीन, कारण दोन विचारांमधले अंतर आणि जवळीक इथे एकाच वेळी दिसते. ईशोपनिषद म्हणते की जो सर्व भूते आत्म्यात आणि सर्व भूतांत आत्मा पाहतो, त्याला कोणाचीही किळस वाटत नाही. इथे दुसरा परका राहत नाही, म्हणून दुरावा संपतो. बौद्ध आचार्य शांतिदेव बोधिचर्यावतार या आपल्या ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात उलट बाजूने येतो. पायाचे दुःख हाताचे नाही, मग हात पायाला का जपतो? रांग किंवा सेना यांना जसे वेगळे अस्तित्व नाही तसे दुःखाच्या मालकालाही नाही. आणि पुढच्याच श्लोकात तो लिहितो, ‘अस्वामिकानि दुःखानि’. दुःखाला धनी नाही, म्हणून केवळ दुःख आहे एवढ्याच कारणाने ते दूर करायचे. हा श्लोक पहिल्यांदा उलगडला त्या संध्याकाळी मी शब्दकोश मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या काळात मी घरी एका आजारी माणसाची शुश्रूषा करत होते, आणि ‘माझ्या माणसाचे दुखणे’ या शब्दांतला ‘माझ्या’ किती वजन उचलतो, हे मला तोवर दिसलेच नव्हते.

महाराष्ट्रात हा अभ्यास करणाऱ्याने आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. सर्वांत ब्रह्म आहे असे मानणाऱ्या समाजात एवढी विषमता कशी टिकली, हा बाबासाहेब आंबेडकरांचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेरचा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारते. ‘दोन्ही एकच’ हे वाक्य वर्गात शेजारी बसलेल्या मुलाला कसे ऐकू येत असेल, याचा विचार मी पहिला निबंध लिहिताना केला नव्हता.

बृहदारण्यकातील मैत्रेयीचा संवाद (२.४) आणि बोधिचर्यावताराच्या आठव्या प्रकरणातील ९० ते ११० हे श्लोक एक महिनाभर शेजारी ठेवून, मूळ शब्दांवर बोट ठेवत वाचा. टीका नंतर घ्या. निबंध त्याच्याही नंतर लिहा.