ट्रॅक्शन अव्हां बघायला निघण्याआधी

फ्रान्समधल्या कुठल्याशा शेतावरच्या कोठारात सिट्रोएन ट्रॅक्शन अव्हां ही जुनी फ्रेंच मोटार विकायला आहे असं कळलं, की मोजायचा टेप, टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं चुंबक बरोबर घ्या. कपडे मळले तरी चालतील असे घाला, आणि पैसे घरीच ठेवा. 1934 ते 1957 या काळात या गाड्या साडेसात लाखांहून जास्त निघाल्या. त्यामुळे विकणारा ‘दुर्मीळ’ म्हणाला, तर त्यातली नेमकी कुठली, हे आधी ठरवायचं.

टेप पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत धरा. 11 मॉडेलमध्ये 2.91 मीटर भरलं तर छोटी लेजेर, 3.09 भरलं तर नॉर्माल. बाहेर आलेली मोठी डिकी 1952 पासूनची. स्टीअरिंग उजवीकडे, डॅशबोर्ड लाकडी, सीट चामड्याच्या आणि वायरिंग 12 व्होल्टचं दिसलं, तर गाडी इंग्लंडमधल्या स्लाउ कारखान्याची असणार. पॅरिसची 6 व्होल्टवर चालते. सहा सिलिंडरच्या 15-सिक्सचं इंजिन 1947 पर्यंत डावीकडे फिरायचं, पुढे उजवीकडे. उघड्या टपाच्या गाडीपाशी मात्र कान टवकारा. युद्धानंतर कारखान्याने कॅब्रिओले पुन्हा बनवलीच नाही, म्हणजे ‘1950ची कॅब्रिओले’ ही बहुतेक टप कापलेली सेडान. कागदावरचा नंबर गाडीवरच्या कारखान्याच्या प्लेटशी जुळवून बघा. जुळला नाही तर चहा पिऊन परत या.

मग खरं काम, म्हणजे पत्रा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. दारांखालचे पोकळ पट्टेच सगळा भार पेलतात आणि गंज आतून धरतात. त्यांवरून चुंबक फिरवा. ते सुटलं, की रंगाखाली पुट्टी आहे. मालक हो म्हणाला तर गाडी जॅकवर उचला आणि दार उघडझाप करून बघा. एरवी नीट लागणारं दार आता अडकायला लागलं, तर बॉडी वाकते आहे. इंजिन चालू होतं की नाही, याला मी सगळ्यात कमी महत्त्व देतो. त्याचं काम करता येतं. तीन गिअरचा गिअरबॉक्स जास्त नाजूक, तेव्हा गाडी चालवून आवाज ऐका.

गाडी घरी आली की पाना उचलण्याआधी फोटो काढा आणि नटबोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत भरा. खालचे पट्टे कापायचे असतील, तर आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी मधोमध बसेल आणि दारं पुन्हा जुळणार नाहीत. ब्रेकचे ड्रम हातोड्याने निघत नाहीत. त्यांचा पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं अवजार, आधी मागवा. टायर मात्र शेवटी घ्या. 11 ला 165-400 लागतात, त्यातले 400 हे रिमच्या व्यासाचे मिलिमीटर, आणि मिशेलाँ ही टायर कंपनी ते आजही बनवते.