शीरखुर्म्याचा गोळा होऊ नये म्हणून

रमजान ईदला नमाजनंतर पाहुण्यांची रीघ संध्याकाळपर्यंत असते, आणि सकाळी केलेल्या शीरखुर्म्याचा दुपारी गोळा झालेला असतो. शेवया दूध पीतच राहतात. वर दूध ओतत बसलं की चव पातळ होते ती वेगळीच. इंदूरला खजराण्यातल्या आमच्या भाभी शेवया आधी दुधात सोडतच नाहीत.

१. खारका रात्री भिजवा, सकाळी बिया काढून काप करा.
२. बारीक शेवया तुपात बदामी भाजून कोरड्या डब्यात भरा.
३. दूध थोडं आटवून खारका, चारोळी, पिस्ते घाला. साखर शेवटी.
४. पाहुणे आले की लागेल तेवढंच दूध उकळून मूठभर शेवया टाका. २-३ मिनिटं पुरतात; ईदी मागायला आलेली पोरंही तेवढा वेळ थांबतात.

उरलेलं दूध मात्र फ्रिजमध्येच ठेवा, उकाड्यात ते नासतं.