घरगुती बायबल अभ्यास: सुरुवात रूथपासून करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरोघरी भरणाऱ्या बायबल वाचनाच्या संगतीत एक गोष्ट हमखास घडते. सासूबाई मराठीत वाचतात, सून कन्नडमध्ये, आणि तरुण पोरं मोबाइलवर इंग्रजीत. याची अडचण करून घेऊ नका. एकच उतारा आधी मराठीत, मग कन्नडमध्ये मोठ्यानं वाचा. शब्द वेगळा निघाला की चर्चा आपोआप सुरू होते.

नवा गट असेल तर रूथचं पुस्तक घ्या. अध्याय चारच, वचनं 85. आठवड्याला एक अध्याय धरला तर महिन्यात संपतं. दुसऱ्या अध्यायात रूथ बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेल्या लोंब्या, वेचते. इथं थांबाच. कन्नड वाचणारीला हाच शब्द विचारा, ती ‘हक्कल’ म्हणेल. मग भात कापल्यावर पडलेल्या लोंब्या वेचलेल्या म्हातारीला बोलू द्या. पाळकांच्या तासाभराच्या प्रवचनापेक्षा ते जास्त पोचतं, असं माझं मत. कापणीत शेताच्या कडा गरिबांसाठी सोडण्याचा नियम बायबलच्याच लेवीय पुस्तकात 19:9-10 मध्ये आहे, तो त्याच वेळी वाचून घ्या.

माणसं आठ-दहाच ठेवा. वाढली की दुसऱ्या घरी दुसरा गट करा. चहा शेवटी, आधी दिला तर गप्पांतच तास जातो. प्रार्थनेत सांगितलेली घरची अडचण मात्र उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. गल्ली लहान असते.