पोटाच्या डायलिसिसमध्ये पाणी निघत नाही? हृदयरोग्यांच्या घरी होणाऱ्या या चुका टाळा

लघवीच्या गोळ्या वाढवूनही पायांची सूज उतरत नाही आणि दम हटत नाही, अशा हार्ट फेल्युअरच्या काही रुग्णांना पीडी, म्हणजे पोटाचे डायलिसिस सुचवले जाते. पोटात बसवलेल्या नळीतून (कॅथेटर) पिशवीतले द्रावण आत भरायचे, काही तास ठेवायचे आणि मग बाहेर काढून नवे भरायचे; या अदलाबदलीला एक्स्चेंज म्हणतात. इथे मुख्य काम साठलेले पाणी आणि मीठ बाहेर काढण्याचे, त्यामुळे क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) आकड्याइतकाच घरचा वजनकाटा महत्त्वाचा. मशीनवरच्या डायलिसिससाठी सुरगाणा-पेठहून आठवड्यातून दोन-तीनदा नाशिक गाठणे ज्यांना जमत नाही, त्यांना हे सोयीचे पडते. पण मग हिशेबही घरीच ठेवावा लागतो आणि तिथेच गडबड होते.

रात्रभर १.५ टक्क्यांची पिशवी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या पिशवीतले डेक्स्ट्रोजचे द्रावण पाणी ओढते ते त्यातल्या साखरेच्या जोरावर. काही तासांत साखर रक्तात शोषली गेली की ओढ संपते आणि पोटातले पाणी उलट अंगात मुरू लागते. रात्री २००० मिली भरले आणि सकाळी १८०० आले, म्हणजे आपणच रुग्णाला २०० मिली पाजले. लांब मुक्कामासाठी ७.५ टक्क्यांचे आयकोडेक्स्ट्रिन असते. त्याचे रेणू मोठे, सावकाश शोषले जातात, म्हणून ते ८ ते १२ तास किंवा जास्तही पाणी ओढत राहते. मूत्रपिंड थोडेफार चालू असेल, तर काहींना दिवसाला ही एकच पिशवी पुरते.

आयकोडेक्स्ट्रिनवर असताना ग्लुकोमीटरची पट्टी मात्र तपासून घ्या. जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या माल्टोजलाही (आयकोडेक्स्ट्रिनपासून अंगात बनणारा पदार्थ) रक्तातली साखर समजतात. आकडा खोटाच वाढलेला दिसतो आणि त्यावर इन्सुलिन टोचले तर साखर धोकादायक खाली जाते.

सूज वाढली म्हणून मनानेच ४.२५ टक्के डेक्स्ट्रोजची पिशवी लावणेही चूकच. २ लिटरमध्ये ८५ ग्रॅम डेक्स्ट्रोज असते. मधुमेहींची साखर उसळते, आणि पाणी झपाट्याने निघाले तर बीपी कोसळते.

चुकीचे मोजमाप

भरण्याआधी नळी धुताना नव्या पिशवीतले थोडे द्रावण थेट ड्रेन पिशवीत जाते. तेही 'निघालेले पाणी' म्हणून लिहिले, तर वहीत रोज खोटी बचत दिसते. सोपा उपाय: बाहेरचे प्लास्टिक काढून जोडपिशवीचा (नवे द्रावण आणि ड्रेन पिशवी एकत्र) संपूर्ण संच लावण्याआधी तोला आणि एक्स्चेंज संपल्यावर तोच संच पुन्हा तोला. दर वेळी सारखेच द्रावण भरत असाल, तर वाढलेले वजन म्हणजे निघालेले पाणी. १ किलोला साधारण १ लिटर. रुग्णाचे वजन सकाळी, लघवीनंतर, त्याच कपड्यांत करा आणि तेव्हा पोट रोज एक तर द्रावणाने भरलेले, नाही तर त्यातून रिकामे असू द्या. आज भरलेले, उद्या रिकामे, असे झाले की २ किलोचा घोळ ठरलेला.

पाणी अडकले तर

आधी क्लॅम्प आणि नळीचा पीळ बघा, ड्रेन पिशवी पोटाच्या बरीच खाली ठेवा, कूस बदला, चार पावले चाला. तरीही येत नसेल तर विचारा: शौचाला कधी झाले? बद्धकोष्ठ हे फार नेहमीचे कारण, कारण भरलेले आतडे कॅथेटरला ढकलते. निघालेल्या पाण्यात पांढरे धागे दिसले तर नर्सला कळवा. हेपरिन (गुठळी होऊ न देणारे औषध) घालायचे की नाही, ते तिथे ठरेल. अडकलेल्या पाण्यावर नवी पिशवी मात्र भरू नका. पोट फुगून छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो आणि आधीच धापणाऱ्या रुग्णाचा दम वाढतो. नेहमीच्या २ लिटरनेही आडवे झाल्यावर धाप लागत असेल, तर डॉक्टर भरण्याचे प्रमाण कमी करतात.

'डायलिसिस पाणी काढतेच' म्हणत लघवीची गोळी बंद करणे, मिसळीवर मूठभर फरसाण घेणे, सैंधव चालते असे समजणे: तिन्ही चुकीचे. सैंधवातही सोडियमच असते.

निफाडच्या थंडीत गार द्रावण भरले तर पोटात कळ येते. पिशवी कोरड्या उबेने, हीटिंग पॅडवर, अंगाच्या तापमानाइतकी गरम करा. गरम पाण्यात बुडवू नका (ओलावा तोंडाशी जातो), मायक्रोवेव्हही नको. एक्स्चेंजच्या वेळी पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे. कॅथेटर असताना रामकुंडात डुबकी मारू नये, पर्वणी असली तरी.

तीन दिवसांत २ किलोहून जास्त वजन वाढले, वरचे बीपी ९० च्या खाली गेले किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच फोन करा. निघालेले पाणी गढूळ दिसले, पोट दुखले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि ती गढूळ पिशवी न फेकता सोबत न्या. तपासणी त्याच पाण्याची होते.