पाय वाचवायचा असेल तर या चुका टाळा

बोटावरची जखम तीन आठवड्यांनीही भरत नाही. मलम बदलतं, ड्रेसिंग बदलतं, अँटिबायोटिक बदलतं. त्या पायापर्यंत रक्त पोचतंय का, एवढंच कोणी विचारत नाही. माझ्या मते पाय गमावण्यामागची सगळ्यात मोठी चूक हीच. रक्त पोचत नसेल तर औषधही जखमेपर्यंत नीट पोचत नाही.

चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, ही बंद होत चाललेल्या धमनीची खूण असू शकते. लोक ती वयावर ढकलतात. पुढे रात्री झोपेत पाऊल ठणकायला लागतं आणि पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं. असं होत असेल तर वेदनाशामक गोळीवर दिवस काढू नका, लगेच व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, दाखवा. खाली सोडलेला पाय लालसर दिसतो, म्हणून घरच्यांना वाटतं रक्त छान फिरतंय. तोच पाय वर उचलल्यावर पांढराफटक पडला, तर तो लालसरपणा फसवा आहे.

साधी पहिली तपासणी म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागणं. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद झाली आहे. पण मधुमेहात, किडनीच्या आजारात धमन्यांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो, कधी 1.4 च्याही वर. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून इथे अनेक जण निर्धास्त होतात. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. तो 30 मिमी पाऱ्यापेक्षा कमी असेल तर पाय धोक्यात आहे.

बोट काळं पडलं की "कापून टाका, मोकळे व्हा" अशी घाई होते. कोरडं गँगरीन, म्हणजे रक्ताअभावी मेलेला पण पू नसलेला भाग, असेल तर आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्त आणायचं, मग बोटाचं बघायचं. उलटं केलं तर कापलेली जागाही भरत नाही आणि पुढची शस्त्रक्रिया आणखी वर सरकते. मात्र पू, दुर्गंधी, ताप असेल तर थांबायचं नाही. तो संसर्ग त्याच दिवशी मोकळा करावा लागतो. पाय कापायचाच असं सांगितलं गेलं, तर रक्तवाहिन्यांचा नकाशा (अँजिओग्राफी) काढला का, हे नक्की विचारा. हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे.

घरातल्या चुका साध्या वाटतात, पण महागात पडतात. गार पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. सूज दिसली म्हणून तपासणीशिवाय घट्ट मोजे चढवू नका. तंबाखू कमी करून भागत नाही, ती पूर्ण सुटायला हवी.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. साधारण सहा तासांत रक्त सुरू झालं नाही तर स्नायू मरायला लागतात. चोळत, शेकत बसण्यात यातलाच वेळ जातो.

स्टेंट किंवा बायपास झाल्यावर बरं वाटतं, म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) स्वतःहून बंद करू नका. उघडलेली वाट पुन्हा बंद होऊ शकते. पोटरीतला जुना गोळा परत आला तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात जाऊन दाखवा.