चिकनचा तुकडा कधी आणि कुठे: नागपुरात अ‍ॅजिलिटीला सुरुवात करणाऱ्यांसाठी

कुत्र्याला अ‍ॅजिलिटी, म्हणजे मालकाच्या इशाऱ्यावर अडथळ्यांच्या मार्गावरून पळण्याचा खेळ, शिकवायची म्हणून कोणी माझ्याकडे आलं की पहिले प्रश्न बहुधा साहित्याचे असतात. हर्डल कुठे मिळतील, टनल केवढ्याला पडेल, मैदान कोणतं बघायचं. मी त्यांना आधी उकडलेलं चिकन वाटाण्याएवढं बारीक कापून आणायला सांगते. जे चिकन खात नाहीत त्यांनी पनीर आणावं. हा तुकडा कोणत्या क्षणी आणि कोणत्या जागी द्यायचा हे एकदा हाताला कळलं की पाऊण इंची पीव्हीसी पाइपच्या हर्डलवरही कुत्रा छान तयार होतो. ते कळलं नाही तर परदेशातून मागवलेलं साहित्य अंगणात धूळ खातं. हे मी नागपुरात पुष्कळ घरी बघितलं आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देते. १९७८ साली इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांना काहीतरी बघायला हवं म्हणून घोड्यांच्या अडथळा-शर्यतीच्या धर्तीवर हा खेळ पहिल्यांदा दाखवला गेला. आज एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी तो जगभर खेळला जातो आणि आपली केनेल क्लब ऑफ इंडिया त्याच संघटनेशी जोडलेली आहे. १०० ते २२० मीटरचा मार्ग, त्यात १५ ते २२ अडथळे, आणि त्यांचा क्रम जज त्या दिवशी ठरवतो. हर्डलवरचा आडवा बार पडला, कुत्रा अडथळ्यासमोर अडला किंवा फळीच्या टोकाशी रंगवलेल्या पट्ट्यावर, म्हणजे कॉन्टॅक्ट झोनवर, पाय न ठेवता उडी मारून उतरला, तर दर वेळी पाच फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. तीनदा अडला की बाद. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसतो, तुमच्या खिशात खाऊ नसतो आणि त्याला हातही लावता येत नाही. ही शेवटची ओळ लक्षात असू द्या. पुढची सगळी तयारी तिच्यासाठीच आहे.

आमच्या ग्रुपचा सराव अंबाझरीकडच्या एका मोकळ्या मैदानावर चालतो. तिथे सकाळी फिरायला येणारे एक काका रोज थांबून बघतात. एकदा म्हणाले, "ताई, हे तर लाच देऊन राहिले तुम्ही. आमच्या घरी एक आवाज दिला की कुत्रं गपकन बसत होतं." काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, कारण नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तेच असतं. मी त्यांना फरक दाखवला. लाच आधी दाखवावी लागते. हातात चिकन दिसलं तरच कुत्रा बसत असेल, तर ती लाचच झाली. आम्ही हात रिकामा ठेवतो, कुत्र्याने काम केलं की खूण करतो आणि मग कमरेच्या पाऊचमधून तुकडा काढतो. आवाज चढवून कुत्रा बसतो हेही खरं आहे. पण अ‍ॅजिलिटीत बसवायचं नसतं, पळवायचं असतं, तेही तुमच्यापासून पाच-सहा मीटर पुढे. ज्याला चुकण्याची भीती बसली आहे तो पुढे जात नाही. दर अडथळ्याआधी मान वळवून मालकाचा चेहरा बघतो आणि वेळ तिथेच जातो.

आता खूण म्हणजे काय ते सांगते. कुत्रा हर्डलवरून उडतो तो क्षण अर्ध्या सेकंदाचाही नसतो. तुम्ही पाऊचमध्ये हात घालेपर्यंत तो उतरून, वळून, जमीन हुंगायला लागलेला असतो. त्या वेळी दिलेला तुकडा हुंगण्याचा मोबदला ठरतो. म्हणून क्लिकर या दाबताच वाजणाऱ्या छोट्या डबीचा टक् आवाज किंवा एक ठरलेला छोटा शब्द वापरायचा. मी "हां!" म्हणते. आधी काही दिवस नुसतं "हां" आणि लगेच तुकडा, एवढंच करायचं. त्या आवाजानंतर खाऊ येतोच हे एकदा कुत्र्याच्या मनात पक्कं झालं की उडीच्या नेमक्या क्षणी "हां" म्हणता येतं आणि तुकडा दोन सेकंदांनी पोहोचला तरी चालतो. वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी मॅरियन आणि केलर ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात प्राण्यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत आणली. पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ती कुत्रे पाळणाऱ्यांच्या घरोघरी पोहोचवली.

खुणेचा सराव आधी कुत्र्याशिवाय करा. घरातल्या कोणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकताच "हां" म्हणा. सुरुवातीला बहुतेकांचं "हां" उशिरा येतं. ते वेळेवर येईपर्यंत कुत्र्याला मैदानावर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सराव छोटा ठेवा, तीन ते पाच मिनिटांचा. दहा तुकडे मोजून घ्या. दहापैकी आठ वेळा काम बरोबर झालं तर पुढच्या वेळी थोडं अवघड करा, पाचच्या खाली आलं तर सोपं करा. हे तुकडे रोजच्या जेवणातून वजा करायचे, कारण लठ्ठ कुत्र्याचे सांधे उड्यांचा भार सहन करत नाहीत. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा घातलेलं काहीही कुत्र्याला चालत नाही. नातेवाईक कौतुकाने भरवायला येतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती बक्षिसाची जागा. बक्षीस जिथे मिळतं तिकडे कुत्र्याचे डोळे वळतात आणि डोळे वळले की शरीर वळतं. नवीन माणूस दर वेळी हातातून भरवतो, मग कुत्रा उडी मारतानाच हाताकडे वळायला लागतो आणि मागचे पाय बारला लागतात. माझी तर्री तांबूस रंगाची गावठी कुत्री आहे. तिला सरळ पळवायचं असेल तेव्हा मी तुकडा किंवा दोरीचं खेळणं हर्डलच्या पलीकडे, तिच्या नाकासमोरच्या रेषेत दूर टाकते. उजवीकडे वळवायचं असेल तेव्हा उजव्या बाजूला, बारच्या जवळ खाली ठेवते. एकही शब्द न बोलता ती पुढच्या खेपेला आपणहून आखूड वळण घेते. तुमचे खांदे आणि पावलं कुठे वळतात हेही कुत्रा असंच वाचतो. तोंडाने "इकडे, इकडे" ओरडत पाय दुसरीकडे टाकलेत तर तो पायांवर विश्वास ठेवेल.

वीव्ह पोल्समध्ये, म्हणजे कुत्र्याने नागमोडी पळत पार करायच्या खांबांच्या ओळीत, याच गोष्टीचा कस लागतो. ६० सेंटिमीटर अंतरावरचे १२ खांब, आणि पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा. मी खांबांच्या दोन ओळी करून मध्ये गल्ली ठेवते. कुत्रा गल्लीतून सरळ पळतो आणि बक्षीस दुसऱ्या टोकाला, ओळीच्या पुढे पडतं. मग काही आठवड्यांत दोन्ही ओळी बोटा-दोन बोटांनी जवळ आणत जायच्या. गल्ली बुजत आली की कुत्र्याचं शरीर आपोआप डाव्या-उजव्या बाजूला वळायला लागतं. हाताने ओढून खांबांतून फिरवलेला कुत्रा हात नसला की मधूनच बाहेर पडतो.

सी-सॉबद्दल, म्हणजे वरखाली झुलणाऱ्या फळीबद्दल, जरा सविस्तर सांगते, कारण कुत्रे घाबरतात ते इथे. स्पर्धेतली फळी ३.६० ते ३.८० मीटर लांब असते, आणि मधोमध ६० सेंटिमीटर उंच टेकूवर असते. पायाखालची जमीन सरकते आणि शेवटी धाडकन आवाज होतो. आधी आवाज शिकवायचा. आम्ही फळीच्या एका टोकाखाली दोन विटा आणि त्यांवर घडी घातलेलं पोतं ठेवतो. टोक जेमतेम दोन बोटं खाली जातं आणि आवाज दबलेला येतो. कुत्र्याने पंजा मारून फळी खाली पाडली की "हां" आणि चिकन. तर्री आधी नुसती फळीकडे बघायची, तरी मी खूण केली. मग एक पंजा हलकेच ठेवून काढून घेतला, त्यालाही खूण. मग तिच्या लक्षात आलं की आवाज आपणच काढतो आणि आवाज झाला की चिकन येतं. त्या दिवसापासून ती फळीवर दोन्ही पंजे आपटायला लागली. त्यानंतर पोत्याची एक घडी कमी, मग पोतं काढलं, मग एक वीट काढली. शेवटपर्यंत चालून जाणं त्याच्याही नंतर आलं. कुत्रा मागे सरला तर लीश ओढून वर चढवू नका. एक पायरी मागे या. असा एकदा ओढून चढवलेला लॅब्रॅडोर आमच्या ग्रुपमध्ये आला होता, तो जमिनीवर पडलेल्या साध्या फळीलाही वळसा घालून जायचा. त्याला परत फळीजवळ आणायला सगळा हिवाळा गेला.

वयाचं पथ्य कडक आहे. हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी उंच उड्या आणि वीव्ह पोल्स देऊ नयेत. एफसीआयच्या स्पर्धेत १८ महिन्यांखालचा कुत्रा उतरत नाही. पिल्लाला तोवर जमिनीवर ठेवलेला बार, छोटा कापडी टनल, तुमच्या दोन्ही बाजूंनी पळणं आणि बोलावलं की येणं एवढं पुष्कळ झालं. टनल गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूची पोती लावा. बार मात्र धक्का लागताच पडेल असाच हवा, पक्का बांधायचा नाही. सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याकडून नितंबाचे सांधे आणि वजन तपासून घ्या. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, त्याचा उपयोग करा.

नागपूरची हवा आणि माती तुमचं वेळापत्रक ठरवणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्यासारखे महिने, सगळं नवीन त्यातच शिकवा. पारा ४५ च्या वर जातो त्या मे महिन्यात मी मैदानावर जातच नाही. घरात, कूलरसमोर, खुणेचा आणि वळणांचा सराव घेते. मार्च-एप्रिलमध्ये सूर्योदयाच्या आधी. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर परत फिरा. जीभ रुंद होऊन लोंबली, लाळ घट्ट झाली, चाल डळमळली की सराव थांबवा, सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. आपल्या काळ्या मातीचंही असंच आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात धावत्या कुत्र्याचा पंजा अडकतो. पावसाळ्यात ती पंज्यांना चिकटते आणि पाय घसरतो. सरावाआधी पूर्ण मार्ग स्वतः चालून बघा, आणि सरावानंतर कानांत, बोटांच्या फटींत गोचीड शोधा. टिक फीव्हरने अंगात ताकद नसलेला कुत्रा लोकांना आळशी वाटतो.

आता त्या रिकाम्या खिशाकडे येते. रिंगमध्ये खाऊ नाही हे कुत्र्याला स्पर्धेच्या दिवशी कळलं तर तो तिसऱ्या अडथळ्यानंतर तुम्हाला सोडून जाईल. म्हणून ट्रीटचा बंद डबा मैदानाच्या कडेला ठेवायची सवय लवकर लावा. पाऊच काढून ठेवा, कुत्र्याला डबा दाखवा, एक हर्डल करून घ्या, "हां" म्हणा आणि दोघं मिळून डब्याकडे पळा. ते पळणंही बक्षिसाचाच भाग आहे, त्यात जीव ओता. मग दोन हर्डल, मग हर्डल आणि टनल. पुढे संख्या खालीवर ठेवा. कधी सात अडथळे, कधी एकच, कधी चार. दर वेळी वाढतच गेलं तर काम फक्त अवघड होत जातं असं कुत्र्याला वाटतं आणि तो आरंभालाच रेंगाळतो. तीन-चार महिन्यांनी तर्री शेवटच्या अडथळ्यावरून उतरली की स्वतःच डब्याच्या दिशेने सुटायला लागली. तेव्हा मला वाटलं, आता हिला लोकांसमोर न्यायला हरकत नाही.

लोकांसमोर म्हणजे थेट स्पर्धेत नव्हे. आधी दुसरं मैदान, मग क्रिकेट खेळणारी पोरं असलेलं मैदान, मग लाउडस्पीकर. प्रत्येक नव्या जागी काम सोपं ठेवा आणि चिकन सढळ हाताने द्या.

यातच पुढे काम करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. नुसत्या अ‍ॅजिलिटीवर नागपुरात घर चालत नाही. पोट भरतं ते घरोघरी जाऊन पिल्लांचं मूलभूत शिक्षण, अंगावर उड्या मारणं, चावणं, फटाक्यांची भीती अशा कामांवर. कॅरन प्रायर अकादमीसारख्या संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. पण त्याआधी वेगवेगळ्या स्वभावाचे कुत्रे हाताखालून जाऊ द्या. स्थानिक निवाऱ्यात आठवड्यातून एकदा जाऊन गावठी कुत्र्यांना लीशवर चालायला शिकवलंत तरी खूप शिकाल. शिकायला गुरू शोधताना आधी तासभर नुसतं बसून त्यांचा वर्ग बघा. कुत्र्यांच्या शेपट्या कशा आहेत, चूक झाल्यावर शिक्षक काय करतो, एवढं बघितलं तरी पुरतं. गळ्यात काटेरी साखळी दिसली तर उठून या.

स्पर्धेला रेल्वेने जायचं तर कुत्रा सोबत ठेवण्यासाठी फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावं लागतं, ते वेळेवर बघा. लसीकरणाचं पुस्तक जवळ ठेवा. कुत्र्याशिवाय मार्ग चालायला काही मिनिटं मिळतात, त्यात क्रम पाठ करण्यापेक्षा तुमची पावलं कुठे वळणार हे पक्कं करा. रन संपली की निकाल काहीही असो, थेट डब्याकडे पळा. बार तुमच्या उशिरा वळण्यामुळे पडला असेल तर कुत्र्याने केलेलं काम बरोबरच होतं. कोणालातरी व्हिडिओ काढायला सांगा. घरी तो सावकाश बघताना कुत्र्याने मान वळवून तुमच्याकडे कुठे बघितलं ती जागा शोधा. पुढच्या आठवड्याचा सराव तिथूनच सुरू करायचा, एक हर्डल आणि पलीकडे टाकलेला तुकडा घेऊन.