परदेशात कोलिव्हिंगचे घर निवडताना

जळगाव-धुळ्याकडचे जे तरुण पुण्यातील कंपनीचे काम आता घरून करतात, त्यांना काही महिने परदेशात राहून तेच काम करायचे असेल, तर कोलिव्हिंगच्या, म्हणजे अनोळखी लोक स्वयंपाकघर वगैरे सामायिक ठेवून एकत्र राहतात अशा, घरांची छायाचित्रे पाहण्याआधी त्यांनी घड्याळाचा हिशेब करावा. पुण्यातील दहा ते सात ही वेळ थायलंडमधील चिआंग माईत साडेअकरा ते साडेआठ होते, तर पोर्तुगालमधील लिस्बनमध्ये हिवाळ्यात पहाटे साडेचार ते दुपारी दीड. इतर रहिवासी मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्या घरात पहाटेच्या मीटिंगमध्ये बोलायचे असेल, तर सामायिक खोली कितीही स्वस्त असली तरी निरुपयोगी ठरते. दार लावता येईल अशी स्वतंत्र खोली आणि तिच्यातच टेबल-खुर्ची हवी.

पर्यटक व्हिसावर असे काम चालतेच, हे गृहीत धरू नये. थायलंडने २०२४ मध्ये सुरू केलेल्या, दूरस्थ काम करणाऱ्यांनाही मिळणाऱ्या डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) या व्हिसावर एका वेळी १८० दिवस राहता येते, मात्र त्यासाठी ५ लाख बाहतची शिल्लक दाखवावी लागते. कंपनीची परवानगीही लेखी घ्यावी.

इंटरनेट उत्तम आहे, असे प्रत्येक मालक सांगतो. म्हणून आपल्याला मिळणाऱ्या खोलीतच, तेही सगळे घरी असताना संध्याकाळी, केलेल्या स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागावा आणि त्यात अपलोडचा वेग आधी पाहावा.

स्वयंपाकघराची चौकशी मात्र खानदेशी माणसाने जरा जास्तच करावी. भरितासाठी वांगे भाजायला ज्योत लागते आणि बऱ्याच घरांत केवळ इंडक्शन शेगडी असते. काळ्या मसाल्याच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजला तर साऱ्या घराशी ओळख होते, पण ती हवी तशी नव्हे. शाकाहारी असल्यास स्वतःची कढई आणि तवा वेगळा ठेवता येईल का, हे संकोच न करता विचारावे.

ऋतूही पाहावा. चिआंग माईत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेते आणि जंगले जळत असल्याने हवा धुराने भरते, आणि जळगावच्या उन्हाळ्याची सवय तेथे कामी येत नाही.

सुरुवातीला एकाच आठवड्याचे पैसे भरावेत आणि घर पटल्यावर महिन्याचा दर ठरवावा. एसीचे वीजबिल भाड्यात धरले आहे की युनिटप्रमाणे वेगळे आकारले जाते आणि अनामत रक्कम किती दिवसांत, कोणत्या कपाती करून परत मिळते, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे.